निळा कस्तूर बघायला गेलो तेव्हा

“पद्मा, दुर्बीण खाली कर. झटक्यात नको. हळू.”

अण्णा असं म्हणाले तेव्हा मी खणीच्या पलीकडच्या कातळावरचा एक पक्षी बघत होते. मला वाटलं, माझ्या हालचालीनं तो उडेल म्हणून ते सांगताहेत.

“बसलाय अजून,” मी कुजबुजले. “शेपटी हलवतोय.”

“पक्ष्याचं नाही म्हणत मी. खाली कर आणि माझ्याजवळ ये. मागं बघू नकोस.”

मी मागं बघितलंच. वस्तीच्या बाजूनं माणसं येत होती. पळत नव्हती, भराभरा चालत होती, आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. सगळ्यांत पुढं जो होता त्याच्या हातात कुऱ्हाडीचा नुसता दांडा होता.

माझे वडील धनपाल शिरगुप्पे. सांगलीतल्या एका हायस्कुलात त्यांनी जन्मभर चित्रकला शिकवली. दिवाळी झाली, सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटायला लागली, की त्यांचे पाय घरात ठरत नसत. धरणावर, अभयारण्यात जाण्याची त्यांना हौस नव्हती. ते गावातच हिंडायचे. एस.टी. वर्कशॉपच्या भिंतीवर थिरथिरा आला का, पाण्याच्या टाकीखालच्या ओलीत धोबी उतरला का, मार्केट यार्डातल्या झाडांवर संध्याकाळी भोरड्या उतरतात का, हे बघत बघत फेब्रुवारी संपवायचे. “हिमालय ओलांडून आलेला जीव आपल्या गटारीच्या काठावर किडे टिपतोय,” ते म्हणायचे, “आणि आपण नाकाला रुमाल लावून पुढं चाललोय.” त्या वर्षी माझं लग्न ठरलं होतं, वैशाखातला मुहूर्त होता. माहेरचा शेवटचा हिवाळा म्हणून मीही त्यांच्या स्कूटरवर मागं बसून जायला लागले होते.

जोडखण शहराच्या पार टोकाला. दगडाच्या दोन जुन्या खाणी, मधली भिंत ढासळून एक झालेल्या. तळाला हिरवं, गार पाणी. अलीकडच्या काठाला पत्र्याच्या घरांची वस्ती, पलीकडे उभा तुटलेला कडा आणि त्याच्या माथ्यावर वेड्या बाभळीचं रान. तिथं एक निळा पक्षी एकटाच दगडावर बसतो असं अण्णांना कुणीतरी सांगितलं होतं. तो निळा कस्तूर असणार, असं त्यांना वाटत होतं. थंडीपुरता येतो, माणसांच्या इतक्या जवळ असून कुणाला दिसत नाही, कारण सावलीत तो नुसता काळा दिसतो. ऊन अंगावर आलं तरच निळा.

पोरं पळवणाऱ्या टोळीची बातमी त्या महिन्यात सगळीकडे होती. आमच्या गल्लीतही होती. कुणी म्हणायचं साधूच्या वेशात येतात, कुणी म्हणायचं गाडीतून येतात, बाईमाणूस बरोबर असतं. आई निघताना म्हणाली होती, “दिवस बरे नाहीत, लवकर या.” अण्णा हसले होते. “आम्हाला कोण पळवतंय?” पळवणारे म्हणून आमच्याकडेच कुणी बघेल हे त्यांच्या मनात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

“काय बगालाय हितनं?” दांडेवाला जवळ येऊन उभा राहिला. तिशीतला, दाढी वाढलेला, डोळे तांबारलेले. पुढं कळलं, त्याचं नाव रावसाब.

“नमस्कार,” अण्णा म्हणाले. “पाखरं बघतोय.”

“पाखरं.”

“थंडीची येतात ना, बाहेरदेशाहून. त्या पलीकडच्या दगडावर आत्ताच एक...”

“गावात पाखरं सपली व्हय तुमच्या?” मागून कुणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसले, आणि मलाही हसू आलं. वाटलं, झालं, आता थट्टेवारी जाईल. पण रावसाब हसला नाही. त्यानं माझ्या गळ्यातली दुर्बीण पट्ट्यासकट ओढली. पट्टा मानेला काचला. ती डोळ्याला लावून त्यानं वस्तीकडं बघितलं.

“घरातलं सगळं दिसतंय की रं ह्यातनं,” तो म्हणाला. “आमच्या दारातली पोरंबी दिसत्यात.”

मग कुणी हसलं नाही.

माणसं वाढत गेली. बायका आल्या. आमच्याभोवती कडं कधी झालं ते कळलं नाही. मागं खण होती, पुढं माणसं. एकानं अण्णांच्या खांद्यावरची शबनम ओढून घेतली आणि जमिनीवर पालथी केली. टोपी, पाण्याची बाटली, डोळ्यांत घालायच्या औषधाची इवलीशी बाटली, आणि कागदाची एक पुडी. पुडी फुटली आणि लिमलेटच्या गोळ्या धुळीत पसरल्या. शाळेत शिकवत होते तेव्हापासून अण्णांच्या खिशात त्या असायच्याच. रंग चांगला भरला की पोराच्या तळहातावर एक.

“गोळ्या बगा, गोळ्या!” एक बाई किंचाळली. “पोरांस्नी द्यायच्या गोळ्या!”

“आन ह्ये गुंगीचं,” डोळ्यांच्या औषधाची बाटली उजेडाकडं धरून कुणीतरी म्हणालं.

“अहो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय माझं,” अण्णा म्हणाले. “मी मास्तर आहे. शिरगुप्पे माझं नाव. गावात कुणालाही विचारा, चित्रकलेचे शिरगुप्पे सर म्हणून...”

“कोन वळकतंय रं ह्यास्नी?” रावसाबनं सगळ्यांना विचारलं.

सांगलीच्या बाजारपेठेतून अण्णा चालले की चार पावलांवर कुणीतरी वाकून नमस्कार करायचं. बँकेत, दवाखान्यात, भाजीवाल्याकडं त्यांना रांगेत उभं राहू देत नसत. तिथं इतकी माणसं होती, पण एकही तोंड उघडलं नाही. अण्णा एकेकाच्या चेहऱ्याकडं बघत गेले. कुठंतरी आपला एखादा विद्यार्थी निघेल अशी त्यांना आशा असावी. बघता बघता त्यांच्या ओठांचा रंग गेला.

माझे वडील भित्रे नव्हते. भर बाजारात दोन बैल झुंजायला लागले असताना मधल्या म्हातारीला त्यांनी उचलून बाजूला केलेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं. संस्थेच्या अध्यक्षांना तोंडावर ‘हे होणार नाही’ म्हणणारे ते एकटे होते. त्या सकाळी त्यांनी माझा हात दुखेल इतका घट्ट धरला, तेव्हा मला जी भीती वाटली ती दांड्याची नव्हती. अण्णांना भीती वाटतेय, याचीच होती.

पहिली थोबाडीत कुणी मारली ते मला दिसलं नाही. आवाज आला आणि अण्णांचा चष्मा उडाला. मी ओरडले. कुणीतरी माझी वेणी मागून धरली. दोघांनी अण्णांना ओढत नेऊन विजेच्या खांबाला टेकवलं, मलाही त्यांच्या शेजारी ढकललं, आणि रावसाबनं कुणाच्या तरी हातातला जाड दोर घेऊन आम्हा दोघांना एकाच वेढ्यात त्या सिमेंटच्या खांबाला बांधलं. दोराला बैलाच्या घामाचा वास होता.

“पोलिसांना बोलवा,” अण्णा म्हणाले. “मी सांगतो, तुम्ही पोलिसांना बोलवा.”

“पोलीस येतील तवा येतील. पोर कुठं ठिवलीया ते सांग आदी.”

“कुणाची पोर?”

“माझ्या भनीची. उजी. सक्काळी चुलीम्होरं हुती. आता कुठंच न्हाई. समदी वस्ती पालथी घातली. पिवळं स्वेटर हाय अंगात.”

पिवळं स्वेटर.

कस्तूर सापडायच्या आधी, मी दुर्बीण कड्यावरून फिरवत असताना, एक लहान मुलगी तिच्यात आली होती. पिवळं स्वेटर, फ्रॉकखाली अनवाणी पाय. कड्याच्या अगदी माथ्यावरून ती एका करडाच्या मागं चालली होती. काळं करडू, कान तेवढे पांढरे. मी म्हटलं होतं, “अण्णा, कुणाची गं बाई ही पोर, किती कडेला गेलीय बघा.” अण्णा दुर्बीण घेणार इतक्यात पलीकडच्या दगडावर काहीतरी फडफडलं आणि आम्ही दोघंही तिकडं वळलो. परत तिथं बघितलं तेव्हा नुसत्या बाभळी होत्या. मला वाटलं होतं, गेली घरी.

मी अण्णांकडं तोंड वळवलं. त्यांच्याही ते ध्यानात आलं होतं. चष्म्याशिवायचे त्यांचे डोळे माझ्याकडं रोखलेले होते.

“अण्णा, ती...”

“बोलू नकोस,” ओठ न हलवता ते म्हणाले. “एक अक्षर बोलू नकोस.”

“पण ती तिकडं...”

“मुलगी बघितली म्हणालीस की संपलं, पद्मा. कुठं बघितलीस, कधी बघितलीस, काय केलंत तिचं. ऐकून घेणार नाहीत ते. पोलीस येऊ देत, मग सांगू. माझी शपथ आहे तुला.”

“काय कुजबुजालाय?” रावसाबनं दांडा अण्णांच्या छातीला लावला.

अण्णा गप्प झाले. मग त्यांचे ओठ हलू लागले आणि माझ्या कानाशी ‘णमो अरिहंताणं’ एवढंच आलं. घरी रोज सकाळी ते म्हणायचे तेच.

“मंतर म्हनालाय बगा!” पुढं उभा असलेला एक म्हातारा दोन पावलं मागं सरला. “करनी करालाय! त्वांड दाबा त्येचं!”

अण्णांनी ओठ मिटले. नवकार मंत्र अर्ध्यात सोडलेला मी त्यांना आयुष्यात तेवढा एकदाच बघितला.

पोलिसांना बोलवायला कुणी गेलं होतं की नाही, कोण जाणे. गर्दीत जो तो दुसऱ्याला सांगत होता. परवा शेजारच्या तालुक्यात दोघं सापडले, एक बाई आणि एक बुवा, हेच दोघं असतील. त्यांना सोडलं म्हणून ती दोघं इकडं आली. आता सोडायचं नाही. ‘सोडायचं न्हाई’ हे वाक्य एकाकडून दुसऱ्याकडं जात होतं आणि दर वेळी त्याचा आवाज वाढत होता. एका माणसानं वाकून दगड उचलला आणि हातात नुसता धरून ठेवला. त्याचं बघून दुसऱ्यानं उचलला. त्यांचे चेहरे दुष्ट नव्हते. मला ते अजून आठवतात, आणि एरवी कुठंही भेटली असती अशीच ती माणसं होती. तेच जास्त भयंकर वाटत होतं. कुणाकडं बघून दया मागावी तेच समजत नव्हतं.

आणि सबंध वेळ माझ्या डोळ्यांपुढं ती कड होती. ती पडली असेल तर पाण्यात पडली असेल. पाण्यात नसेल तर कुठंतरी अडकली असेल. मी गप्प होते, आणि गप्प असण्याचा एकेक क्षण तिच्या वाट्यातून जात होता. बोलावं तर अण्णा मरतील असं वाटत होतं. खरंच वाटत होतं. आज शांतपणे बसून विचार केला तरी मला ते चूक वाटत नाही.

तेवढ्यात गर्दी फाटली आणि एक बाई आत आली. केस सुटलेले, पदर कमरेला खोचलेला, पायांत काही नाही. पाण्यात उतरून बघून आली असावी. गुडघ्यांपर्यंत लुगडं हिरवट शेवाळानं भिजलं होतं. तिनं आल्या आल्या माझी हनुवटी धरली. तिची बोटं बर्फासारखी होती.

“माजी उजी कुठं हाय?” ती म्हणाली. ओरडली नाही. आवाज पार बसला होता. “बाई, काय पायजे ते घे. माजी उजी कुठं हाय तेवढं सांग. तिनं सकाळधरनं भाकरीचा तुकडाबी खाल्ला न्हाई गं.”

“मालन, तू बाजूला सर,” रावसाब म्हणाला. “आमी बोलती करतो हिला.”

ती सरली नाही. माझ्या डोळ्यांत बघत राहिली.

“तिच्याबरोबर करडू होतं,” मी म्हणाले.

अण्णांनी डोळे मिटून घेतले.

“काळं करडू. पांढऱ्या कानांचं. ती त्याच्या मागं चालली होती. पलीकडं, कड्याच्या माथ्यावर, बाभळींच्या तिथं. मी दुर्बिणीतून बघितली. एकदाच बघितली, मग दिसली नाही.”

खणीतल्या पाण्यावरून कसलासा पक्षी शीळ घालत गेला, तेवढा आवाज.

मग सगळे एकदम ओरडले.

“बघिटली म्हनतीया!”

“हिनंच ढकलली आसंल!”

“कबूल केलं! कबूल केलं तिनं!”

दांडा उचललेला मला दिसला. तो माझ्याकडं येत होता. अण्णा बांधलेले होते, तरी त्यांनी कसं कोण जाणे अंग वळवलं आणि डोकं माझ्यापुढं घातलं. आवाज ओल्या लाकडावर कुऱ्हाड बसावी तसा आला. त्यांच्या कपाळावरून रक्त माझ्या खांद्यावर गरम गरम ओघळलं. “अण्णा, अण्णा!” मी हंबरडा फोडला. एक दगड खांबाला लागून फुटला. मी मान खाली घातली, आणि खाली घातलेल्या नजरेला माणसांच्या पायांमधून एकच गोष्ट दिसली. मालन पळत सुटली होती. माझ्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवायला ती थांबलीच नव्हती. खणीच्या काठानं, दगडगोट्यांतून, अनवाणी, ती पलीकडच्या कड्याकडं धावत होती.

“मालन! मालने!” रावसाब ओरडला. मग दोन पोरं तिच्यामागं पळाली, मग आणखी काही जण. उरलेले आमच्याजवळ राहिले. दांडा खाली आला होता, पण हातातून सुटला नव्हता.

“पोर न्हाई गावली,” रावसाब माझ्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाला, “तर तुमास्नी हितंच खनीत घालतो. दोगांस्नी.”

तो धमकी देत नव्हता. पुढं काय होणार ते सांगत होता.

ती वाट बघणं मी कुणालाच कधी सांगू शकले नाही, माझ्या नवऱ्यालाही नाही. कड्यावर मुंग्यांएवढी माणसं बाभळीत शिरली. मालनचं लाल लुगडं दिसायचं आणि दिसेनासं व्हायचं. सगळी वस्ती काठावर उभी राहून तिकडं बघत होती. अण्णांची मान माझ्या खांद्यावर पडली होती. त्यांचा श्वास चालू आहे का ते मी गालानं जोखत होते. मला त्या मुलीची काळजी वाटत होती हे खरं, पण त्याच्या तळाशी दुसरंच चाललं होतं. ती जिवंत असेल तर आम्ही जिवंत. एका परक्या, न भेटलेल्या पोरीच्या जिवाला माझा आणि माझ्या बापाचा जीव बांधलेला होता, आणि मी देवाजवळ नेमका कुणाचा जीव मागत होते ते मला सांगता आलं नसतं.

“पद्मा,” अण्णा पुटपुटले.

“बोलू नका.”

“तू बोललीस ते...” एवढंच म्हणून ते थांबले.

पलीकडून हाक आली. वाऱ्यानं ती तुटली आणि कुणालाच कळली नाही. पुन्हा आली.

“गावलीऽऽ! जित्ती हाय! दोर आनाऽऽ! दोर!”

काठावर एकच कालवा झाला. बायका रडायला लागल्या. कुणी म्हणे कड्याच्या पोटातल्या कपारीत आहे, कुणी म्हणे पाय गेलाय, हलत नाही, कुणी म्हणे करडू तिच्या पोटाशी आहे. “दोर कुठाय? आरं दोर आना की!” माणसं घराघरांत पळाली. लुगडी, सुतळ्या, विहिरीचा पोहरा, हाताला येईल ते घेऊन आली. जाड दोर एकच होता.

रावसाब आमच्याकडं वळला. क्षणभर तसाच उभा राहिला. मग दांडा टाकून त्यानं खांबामागची गाठ सोडायला घेतली. गाठ आवळून बसली होती, म्हणून तो ती दातांनी ओढत होता. आमच्याकडं त्यानं बघितलं नाही. दोर सुटला तसा तो खांद्यावर टाकून कड्याकडं पळाला, आणि त्याच्यामागं सगळी गर्दी पळाली.

आम्हाला कुणी सोडलं नव्हतं. त्यांना दोर हवा होता, एवढंच. अण्णा खांबावरून घसरत खाली बसले. मी ओढणी काढून त्यांच्या कपाळाला गच्च बांधली. स्कूटर वस्तीच्या तोंडाशी होती, पण अण्णांना उठवून तिथवर नेणं मला जमणारं नव्हतं. धुळीत चष्मा सापडला, एका काचेला तडा गेलेला. तो मी त्यांना घातला. समोर, कड्यावरून दोर खाली सोडला गेला आणि त्याला धरून एक माणूस पायानं दगड चाचपत उतरायला लागला. तो रावसाब होता. आम्ही बघत राहिलो. पळून जायचं सुचलंच नाही.

त्यानं तिला पाठीशी बांधून वर आणलं. पिवळं स्वेटर, मान कलंडलेली, उजवा पाय नको तिथं वळलेला. वर येताच मालननं तिला ओढून घेतलं आणि तिच्या तोंडावर तोंड ठेवलं.

थोड्या वेळानं आमच्यापुढं एक टेम्पो येऊन थांबला. विटांची वाहतूक करणारा, मागच्या हौद्यात लाल भुकटी साचलेली. रावसाब चालवत होता. हौद्यात मालन बसली होती, मांडीवर मुलगी.

“चढा,” रावसाब म्हणाला.

आम्ही हललो नाही.

“कुठं?” मी विचारलं.

“चढा म्हनलं न्हवं.”

त्याच्या तोंडावर काय होतं ते मला वाचता येईना. वस्तीतली माणसं पुन्हा जमत होती. मघाचा दगड अजून एकाच्या हातात होता; टाकायचा विसरला असावा. मी अण्णांचा दंड घट्ट धरला. वाटलं, गावाबाहेर नेऊन मारतील. पण अण्णा माझ्या खांद्यावर भार टाकून उठले, हौद्याच्या फळीला हात घातला आणि म्हणाले, “तिच्या पायाला धक्का लागेल, जरा बेतानं चालवा.” मग मीही चढले.

तो टेम्पो कुठंही आडवाटेला गेला नाही, सरळ सरकारी दवाखान्यात गेला. उजीचा पाय प्लास्टरमध्ये राहिला आणि जुळला. किंचित फेंगडी चालायची, असं पुढं ऐकलं. अण्णांच्या कपाळाला टाके पडले आणि उजव्या कानाला कायमचं कमी ऐकू येऊ लागलं. हवालदार जबाब घ्यायला आला तेव्हा ‘कोणी मारलं’ या प्रश्नाला त्यांनी ‘गर्दी होती’ एवढंच उत्तर दिलं. मी भांडले, आई भांडली. त्यांनी नाव घेतलं नाही. पुढच्या थंडीत मी सासरी होते. आईनं फोनवर सांगितलं की ते पुन्हा पाखरं बघायला जायला लागलेत. पण आता कुठल्याही वस्तीत गेले की आधी तिथल्या जवळच्या दाराची कडी वाजवतात, आपलं नाव सांगतात, आणि दुर्बीण स्वतःच्या डोळ्याला लावण्याआधी घरातल्या माणसांच्या हातात देतात. जोडखणीवर मात्र ते परत गेले नाहीत. मीही नाही. आता ते नाहीत, आणि ती खण बुजवून तिथं इमारती झाल्यात म्हणे.

पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी मी टेम्पोच्या हौद्यात बसले होते आणि दर वळणाला माझा जीव खालीवर होत होता. समोर मालन. आमच्या मध्ये एक हाताचं अंतर. अण्णांना बसवेना, म्हणून ते फळीला टेकून अर्धवट आडवे झाले होते. उजी डोळे मिटून कण्हत होती.

मग मालन मला म्हणाली, “तुमी बघिटलं हुतं.”

“हो.”

“मी यायच्या आदीधरनं ठावं हुतं तुमास्नी.”

“हो.”

“मग का न्हाई बोललासा?”

मी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी डोळे उघडले.

“तिचा दोष नाही, बाई,” ते म्हणाले. “ती बोलणार होती. मी शपथ घातली. मला वाटलं, मुलगी बघितली म्हटलं की हिला मारून टाकाल तुम्ही. मी माझ्या पोरीपुरतं बघितलं. तुमच्या पोरीचं बघितलं नाही.”

मालन त्यांच्याकडं बघत राहिली. कपाळाची ओढणी भिजून रक्त भुवईवर आलं होतं, ते बघत राहिली. मी मागं सरकले. आता ही काय करेल ते कळेना.

“मारलंच असतं,” ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता.

“न्हाई, खरं सांगते. ती गावली नसती तर मारलंच असतं मास्तर तुमास्नी. पैला दगूड मीच घातला असता.”

अण्णांनी मान हलवली, जणू हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. आणि मग, त्या सबंध सकाळीत पहिल्यांदा, ते रडले. तोंड न वळवता, हात न लावता. मालनही रडत होती. मला मात्र रडू येत नव्हतं. दात वाजत होते, आणि ते काही केल्या थांबत नव्हते.

पुढं रस्ता उखडलेला होता. रावसाब हळूच नेत होता तरी एका खड्ड्यात टेम्पो दणकन आदळला आणि अण्णांचं डोकं फळीवर आपटायला झालं. मालननं झटकन हात पुढं केला. एका हातानं तिनं उजीची मान सावरली होती. दुसरा हात तिनं अण्णांच्या डोक्याखाली दिला, आणि दवाखाना येईपर्यंत काढला नाही.